गावातल्या धुण्याच्या घाटाचा इतिहास कसा लिहायचा

कामाला मे महिन्यात लागा. ओढे आटलेले असतात, विहिरी-बारवांचं पाणी खाली गेलेलं असतं आणि एरवी गाळात बुडालेली शेवटची पायरी उघडी पडते. गाव भीमाकाठचं असेल तर उजनी धरणातून नदीत पाणी कधी सुटणार ते आधी विचारून घ्या. सकाळी साडेसहा ते नऊ एवढीच कामाची वेळ; नंतर सोलापूरचं ऊन दगडाला हात लावू देत नाही. शिवाय सकाळच्या तिरप्या उन्हात पुसट अक्षरं उठून दिसतात.

सगळ्यात आधी पाण्याची वाट काढा. तुलनेला फ्रान्स घेऊ: तिथल्या खेड्यांत धुण्याच्या सार्वजनिक जागेला ‘लावोआर’ म्हणतात. बऱ्याच ठिकाणी झऱ्याचं पाणी आधी पिण्याच्या तोटीला, मग जनावरांच्या हौदाला आणि शेवटी लावोआरला येई. आपल्याकडे हा क्रम जातीवरूनही ठरायचा. वरच्या अंगाला कोण धुवायचं, उताराला कोण, आणि कुणाला घाटावर पायच ठेवता येत नव्हता, हे नकाशावर मांडा. ते वगळलं तर घाटाचा इतिहास खोटा ठरतो. पाणी वाहतं असेल तर दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते तीनदा बघून सरासरी काढा. २५ सेकंद लागले तर मिनिटाला २४ लिटर.

मोजमापाला ३० मीटरची टेप आणि दोन माणसं लागतात. हौदाच्या चार बाजू मोजून थांबू नका. चार बाजूंवरून कागदावर चौकोन हवा तसा कलंडतो. दोन्ही कर्ण मोजले की तो जागेवर बसतो. नकाशाला १:५० प्रमाण घ्या, म्हणजे एका मीटरला दोन सेंटिमीटर.

दगड वाचताना फसगत होते. फ्रान्समधल्या बर्गंडी भागातला चुनखडी दगड वापरानं झिजतो. आपला काळा बेसाल्ट तसा लवकर झिजत नाही, नुसता गुळगुळीत होऊन चकाकतो. खळगा दिसत नाही म्हणून घाट नवा ठरवू नका. दगडावर सरळ लाकडी पट्टी आडवी ठेवा आणि दर दहा सेंटिमीटरला खालची फट मोजा. दगडाची उंचीही लिहा: तिकडे बायका पेंढा घातलेल्या लाकडी खोक्यात गुडघे टेकून धूत, आपल्याकडे उंच दगड म्हणजे बहुधा उभ्यानं आपटून धुणं, जमिनीसरसा म्हणजे बसून. पालथा दगड कधीकधी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, निघतो. तो परस्पर उलटू नका, आधी ग्रामपंचायतीला कळवा. अक्षरांना तेल, खडू, तारेचा ब्रश काही लावायचं नाही. साधं पाणी पुरे. साल शकात असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, पौष-माघ-फाल्गुनात बहुतेक ७९.

घाटावर धुण्याचं काम अर्धंच व्हायचं. फ्रेंच बायका पिंपात कपडे रचून वर फडक्यात राख बांधत आणि तिच्यावरून गरम पाणी पुन्हा पुन्हा ओतत. ओक आणि चेस्टनटची राख टाळत, कारण तिचे डाग पडतात. लावोआरला कपडे यायचे ते मुख्यतः बडवून खळबळायला. म्हणून आपल्याकडेही परिटाची भट्टी कुठे होती ते शोधा. काळे पडलेले दगड सहसा जवळपासच सापडतात.

कागद दोन ठिकाणी बघा. गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, ठराव ग्रामपंचायतीच्या इतिवृत्त बहीत. ‘घाट’ हा शब्द मिळेलच असं नाही. ‘विहीर दुरुस्ती’, ‘पायऱ्या’, ‘हौद’ असंही शोधा. ठरावाचं साल म्हणजे बांधकामाचं साल नव्हे. फ्रान्समध्ये कॉलऱ्याच्या साथींनंतर ३ फेब्रुवारी १८५१ च्या कायद्यानं सार्वजनिक न्हाणीघरं आणि लावोआर यांसाठी ६ लाख फ्रँक मंजूर झाले, पण तेवढ्यावरून एखाद्या गावचं लावोआर त्याच वर्षीचं ठरत नाही. खर्चाची नोंद किंवा ठेकेदाराचं बिल हाती लागलं तरच साल पक्कं धरा.

मग आज्जींकडे जा. “कोणत्या साली?” असं विचारलं की गप्पा तिथंच संपतात. रझाकार (१९४८), कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३) यांच्या आधी की नंतर, असं विचारा. “आज्जी, तुमी नांदायला आला तवा पायऱ्या होत्या का?” हा प्रश्न फार कामाचा, कारण लग्नाचं साल बहुतेकींना कशाच्या तरी हिशेबानं सांगता येतं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड येणारं आणि शहरातल्या विणकर वस्तीत तेलुगू येणारं माणूस सोबत असू द्या. घरातले पुरुष शेजारी बसले की बायका बोलायच्या थांबतात, म्हणून बोलणं घाटावरच करा. जुनं धोपटणं असेल तर ते हातात घ्यायला सांगा. मुठीत अंगठ्याच्या जागी लाकूड झिजलेलं असतं. ते हातात आलं की कपडा कसा घडी करायचा, पाणी कुठल्या अंगाला उडायचं, शेजारीण कुठे बसायची हे आपसूक निघतं. त्याच वेळी प्रत्येकीची जागा नकाशावर खूण करून नाव लिहा, अर्थात तिला विचारून.

नकाशाच्या पाठीमागे मोजणीची तारीख आणि त्या दिवशी पाणी कितव्या पायरीला होतं ते लिहा. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक शाळेत.