बरोक व्यक्तिचित्र: सावली पातळ, उजेड जाड

बरोक धाटणीचं, म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपीय चित्रांसारखं गडद सावली आणि झगझगीत उजेडाचं तैल-व्यक्तिचित्र बहुधा एकाच कारणाने फसतं: सावली आणि उजेड सारख्याच जाडीने रंगवले जातात. बडोद्यात कमाटीबागेतल्या म्युझियमच्या चित्रदालनात जुनी युरोपीय तैलचित्रं आहेत. ती समोरून पाहून झाली की बाजूला सरकून तिरपी पाहा. रंग कुठे उठलाय, कुठे बसलाय, ते तिथूनच कळतं.

मॉडेलला उत्तरेच्या खिडकीपाशी बसवा. खिडकीचा खालचा अर्धा भाग जाड कापडाने झाका, म्हणजे उजेड वरून, साधारण 45 अंशांतून येईल आणि पलीकडच्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण पडेल. सावलीच्या बाजूला पांढरी भिंत असेल तर काळी चादर टांगा. नाहीतर परतलेला उजेड सावली फिकी करून टाकतो.

पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरुवात नको. रॉ अंबर (मातकट तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फासा आणि चिंधीने पुसून मधली छटा ठेवा. अंबरमध्ये मँगनीज असतं, म्हणून तो लवकर वाळतो. वाळल्यावर त्यानेच सावल्या मांडा.

सावलीत पांढरा अजिबात मिसळू नका. बर्न्ट अंबर (भाजलेला, तांबूस अंबर) आणि किंचित तांबडा, बस. पांढरा पडला की सावली खडूसारखी दिसते, खालच्या थराची ऊब जाते. गालाची सावलीकडची कड पार्श्वभूमीत विरू द्या. उजेडात मात्र पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि जरासा व्हर्मिलियन (शेंदरी लाल) हॉग ब्रशने, म्हणजे डुकराच्या राठ केसांच्या ब्रशने, भरपूर लावा: कपाळ, नाकाचं हाड, गालफड. नाकाच्या शेंड्यावरचा चमकता ठिपका सर्वांत शेवटी. ठेवला की परत हात लावायचा नाही, घोटला की मेला.

पोत फक्त रंग चढवून येतो असं नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटने 1628 च्या सुमाराच्या आत्मचित्रात ओल्या रंगात ब्रशच्या दांड्याने ओरखडून केसांच्या बटा काढल्यात. हे रंग ओला असेतोवरच जमतं.

खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरांत क्रमाने जास्त. काळा रंग फार सावकाश वाळतो; तो खाली जाड असला आणि वरचा थर आधी वाळला, तर तडे जातात. बडोद्याच्या पावसाळ्यात दोन थरांमध्ये जास्त दिवस जाऊ द्या. वाळलेली सावली मंद, कोरडी दिसू लागली तर तिथलं तेल खालच्या थराने शोषलंय. जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जादाचं लगेच पुसा.