मशिदीच्या अर्जावरील सुनावणीत शेजाऱ्याने कसे बोलावे

न्यू जर्सीतील एखाद्या गावात मशिदीच्या बांधकामाचा अर्ज नियोजन मंडळापुढे आला, की विरोध करणारे सुनावणीला हमखास हजर राहतात आणि ज्यांची काहीच हरकत नसते ते घरी बसतात. तेथील मराठी रहिवाशांनी तरी घरी बसू नये, असे मला मनापासून वाटते.

सुनावणीआधी किमान १० दिवस नकाशे व कागदपत्रे पाहण्यासाठी खुली ठेवावी लागतात. ती पाहताना वाहनतळाच्या आकड्यावर आधी बोट ठेवावे, कारण विरोध धर्माचे नाव घेऊन क्वचितच येतो. तो पार्किंग, वाहतूक आणि सांडपाणी यांच्या आडून येतो. बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये नेमके हेच घडले. चर्चसाठी लागू असलेल्या, तीन माणसांमागे एक गाडी या प्रमाणाने १५० नमाजींसाठी ५० जागा पुरेशा होत्या, पण मंडळाने १०७ मागितल्या आणि ३९ सुनावण्यांनंतर २०१५ मध्ये अर्ज फेटाळला. चर्चला एक आणि मशिदीला दुसरा निकष लावणे बेकायदा असल्याचा निर्णय फेडरल न्यायाधीशांनी २०१६ च्या अखेरीस दिला आणि पुढल्या वर्षी टाउनशिपने ३२.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

म्हणून बोलायची वेळ आली की नाव-पत्ता सांगून एकच प्रश्न विचारावा: गावातील चर्च, सिनेगॉग आणि मंदिर यांना हीच अट घातली होती काय? प्रार्थनास्थळांना जमीनवापराच्या नियमांत दुजाभावाने वागवू नये, असे २००० सालचा फेडरल कायदा सांगतो आणि मंदिरांनाही त्याच कायद्याचे संरक्षण आहे. ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात जाणाऱ्यांना तर हे वेगळे सांगायला नको, कारण अल फलाह सेंटर या मुस्लिम संस्थेच्या मशिदीचा वाद त्याच गावात न्यायालयापर्यंत गेला होता.

शुक्रवारच्या दुपारी रस्ता तुंबेल, ही शंका खरी असू शकते. ती मांडणाऱ्या शेजाऱ्याला द्वेष्टा ठरवू नये. अर्जदाराच्या वाहतूकतज्ज्ञाला त्या वेळेचे आकडे विचारावेत, कारण साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा हक्क रहिवाशांनाही असतो. मात्र कोणी कुराणावर किंवा नमाजींच्या निष्ठेवर बोलू लागल्यास, हा विषय मंडळाच्या अधिकारात येत नाही याची नोंद घेण्याची विनंती अध्यक्षांना शांतपणे करावी.

अर्ज फेटाळला गेला, तर लेखी ठराव मागवून त्यातील कारणे स्वतःच्या टिपणांशी ताडून पाहावीत आणि तफावत आढळल्यास ती अर्जदाराच्या वकिलांना कळवावी.