लेबनॉनच्या डोंगरावर नव्याने राहायला आलात? बशर्रीतून चार गोष्टी

लग्न होऊन म्हणा, नवऱ्याच्या किंवा स्वतःच्या नोकरीमुळे म्हणा, लेबनॉनच्या डोंगरातल्या गावात जे आपले लोक नवीन आलेत त्यांच्यासाठी लिहितेय. मी मूळची साताऱ्याची, सासर बशर्रीचं, 16 वर्षं झाली. बैरुतमध्ये राहणाऱ्यांना यातलं बरंच लागू होणार नाही, शहर वेगळं आणि डोंगर वेगळा.

आधी कॉफीचं सांगते कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. बाल्कनीतून कोणीतरी "तफद्दले" म्हणून हाक मारायचं, म्हणजे या, बसा, आणि मी आपली भिडेपोटी नको नको करत निघून जायचे, आपल्याकडे नाही का एकदा नको म्हणतो तसं. सहा महिन्यांनी सासूबाई म्हणाल्या की लोकांना वाटतंय तुला आम्ही आवडत नाही. मला रडूच आलं. दुसऱ्या दिवसापासून सुबहियेला जायला लागले, सुबहिये म्हणजे शेजारच्या बायकांची सकाळची कॉफीची बैठक, आणि खरं सांगते, माझी अरबी क्लासमध्ये नाही तर तिथे सुधारली. कॉफी पिऊन कप परत देताना "दायमे" म्हणायचं, म्हणजे तुमच्या घरी ही कॉफी कायम असू दे. पण मयताच्या घरी कडू कॉफी देतात, तिथे हे चुकूनही म्हणायचं नाही, तिथे "अल्ला येर्हमो" म्हणायचं (बाई गेली असेल तर "येर्हमा") आणि शांत बसायचं. आणि मयताला जायचंच, ओळख असो नसो. लग्नाला नाही गेलात तर चालवून घेतील, मयताला नाही गेलात तर लक्षात ठेवतील.

मोठ्या माणसांना नुसत्या नावाने हाक मारू नका. थोरल्या मुलाच्या नावावरून अबू अमुक, उम्म अमुक. मलाही आता गावात माझ्या मुलाच्या नावानेच ओळखतात.

आता बंद घरांबद्दल. लाल कौलांची, खिडक्या लावलेली घरं दिसली की "इथे कोणी राहत नाही का" असं विचारू नका, "कुठे असतात आता" असं विचारा, मग बघा माणूस कसा बोलायला लागतो, सिडनीतला भाऊ, ब्राझीलमधली आत्या, सगळं निघतं. हे जाणं आजकालचं नाही. 19व्या शतकात या डोंगरात तुती आणि रेशमावर घरं चालायची, रेशीम फ्रान्सला जायचं, मग भाव पडले, डोंगर फोडून बांधलेल्या शेतांवर (इथे त्याला जल्ल म्हणतात) एवढी तोंडं भरेनात आणि लोक बोटीने निघाले. कवी-लेखक खलील जिब्रान इथलेच, 1883 चा जन्म, 12 वर्षांचे असताना आई आणि भावंडांबरोबर बॉस्टनला गेले, 1931 मध्ये न्यूयॉर्कला वारले, पण आणलं इथेच, मार सारकीसच्या जुन्या मठात ठेवलंय आणि पुस्तकांचं मानधन गावाच्या नावे केलेलं. जाऊन या तिथे, आणि नुसते टुरिस्टसारखे जाऊ नका.

त्यानंतरचं लोक कमी बोलतात. 1915 मध्ये टोळधाड आली, महायुद्धामुळे समुद्रातून धान्य येईना, आहे ते सैन्याने उचललं, आणि 1918 पर्यंत माउंट लेबनॉनमधली जवळपास एक तृतीयांश माणसं भुकेने आणि साथीने गेली. इथे भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून त्याची पापी घेतात, कपाळाला लावतात. आपणही अन्नाला पाय लागला की नमस्कार करतो ना, त्यामुळे मला ते पहिल्या दिवशीच कळलं. 1975 ते 1990 च्या यादवीबद्दल मात्र आपणहून काही विचारू नका, कोणाच्या घरी काय झालंय ते आपल्याला माहीत नसतं.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मूने चालू होतं, म्हणजे हिवाळ्याची बेगमी. गच्चीवर उकडलेला गहू वाळवून बुरगूल करतात, तोच दह्यात आंबवून, वाळवून, दळून किश्क, लबनेचे (चक्क्यासारख्या घट्ट दह्याचे) गोळे तेलात, अंजिराचा मुरंबा. आपल्या कुरडया-पापडांसारखंच, चार बायका लागतात, त्यामुळे बोलवायची वाट बघू नका, बाह्या वर करून जा. 15 ऑगस्टला मरियमचा सण असतो, आदल्या रात्री चर्चपाशी मोठ्या हंड्यांत गहू आणि मांसाची हरिसे शिजते, शाकाहारी असाल तरी ढवळायला जाऊन उभे राहा.

कामाचं थोडक्यात: कुठलाही दाखला लागला की आधी मुख्तारकडे, म्हणजे गावच्या मुखियाकडे. परदेशी माणसाची इकामा (राहण्याचा परवाना) जनरल सिक्युरिटी या सरकारी खात्याकडून, ती संपू देऊ नका. सरकारी वीज थोडेच तास, बाकी जनरेटरचं इश्तिराक, म्हणजे खासगी जनरेटरवाल्याची वर्गणी. घरात रोख डॉलर ठेवा, 2019 पर्यंत डॉलरला 1500 च्या आसपास असलेला लिरा (इथलं चलन) आता 89,500 आहे, बँकेत अडकलेले आमचेही पैसे अजून सुटले नाहीत.

गाव साधारण 1450 मीटरवर आहे, खाली कादिशाची दरी, वर देवाचे अर्झ, म्हणजे आपल्या हिमालयातल्या देवदाराचे सख्खे नातलग (दोन्हीकडे नावात देव आहे, हे मला फार आवडतं). बर्फ पडला की अर्झवरून बालबेककडे जाणारा रस्ता बंद होतो. म्हणून सप्टेंबरातच सोबियाचं (घर गरम ठेवायच्या शेगडीचं) धुराडं साफ करून घ्या, मझोत (डिझेल) भरून ठेवा, आणि शेजारी एकटी म्हातारी असेल तर तिच्याही धुराड्याचं त्याच दिवशी करून टाका.