टॉय पॉम घरी आणताय? आधी एवढं वाचा

बेळगावात टिळकवाडी म्हणा शहापूर म्हणा, पांढरं केसाळ कुत्रं दिसलं की लोक पॉमेरियनच म्हणतात, खरं त्यातली बरीच इंडियन स्पिट्झ असतात, अंगानं थोराड आणि आपल्या हवेला सरावलेली. खरा टॉय पॉम मोठा झाला तरी साधारण दीड ते सव्वातीन किलोचा. 'टीकप' म्हणून कोण जास्त पैसे मागत असेल तर घेऊ नका, तशी जातच नाही, आणि दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू तर आणूच नका.

लहान पिल्लाला सगळ्यात मोठा धोका उपाशी राहण्याचा. आमची चिंगी आली ती डिसेंबरात, नवीन घर म्हणून रात्री जेवलीच नाही, आम्हाला वाटलं सकाळी खाईल की. सकाळी बघतोय तर पाय लटपटतायत, मान टाकलेली, हिरड्या पांढऱ्या आणि अंग गार. आईनं साखरेचं पाणी बोटानं हिरड्यांना चोळलं, टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरलं आणि तसंच डॉक्टरकडं नेलं. एवढ्याशा जिवाच्या अंगात साठाच नसतो, रक्तातली साखर लगेच उतरते. म्हणून चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या, आणि शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका, फुफ्फुसात जातं, नुसतं चोळा.

गळ्यात पट्टा घालून ओढायचं नाही. या जातीची श्वासनळी नाजूक, दबत गेली की बदक ओरडल्यासारखा खोकला सुरू होतो, त्यामुळं छातीवरून येणारा हार्नेसच घ्या. गुडघ्याची वाटी पण सरकते, चालता चालता एक पाय उचलून दोन उड्या मारल्या आणि परत नीट चालायला लागलं तर ती गंमत नाही, दाखवून घ्या. सोफ्यावरनं, कट्ट्यावरनं उड्या बंद. गुळगुळीत फरशीवर चटई टाका आणि पंजातले केस कापत जावा.

उन्हाळ्यात टक्कल करू नका, दुहेरी केस असतात, एकदा काढले की कधीकधी नीट परत येतच नाहीत. मुळापर्यंत विंचरा, कानामागं गाठी आधी होतात. आपल्याकडं जुलैत दिवस दिवस झड लागते, फिरवून आणलं की पोट आणि पंजे कोरडे करायचेच, नाहीतर कातडी खराब होते. गोचीड बोटांच्या बेचक्यात आणि कानात बघा. खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या फिक्या पडल्या तर गोचीडताप असू शकतो, त्यात दिवस घालवू नका. लसी देताना लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिसचं) पण डॉक्टरांना विचारा, तो आजार डबक्याच्या पाण्यातनं होतो.

पाहुणे आले की कुंदा येतो आणि कोणतरी प्रेमानं चिंगीला भरवतंच. हात धरा त्यांचा. एवढ्या गोड खव्यानं पोट बिघडतं. कांदा-लसणाचा रस्सा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, चिकनची शिजवलेली हाडं, हे तर अजिबात नको. माणसांची तापाची गोळी पण नाही, अर्धीसुद्धा नाही.

दुधाचे दात सहा-सात महिन्यांत पडले नाहीत तर डॉक्टर काढतात. नवीन आले की कुत्र्यांची पेस्ट लावून रोज घासा, चिंगीला आता सवय झालीय, ब्रश दिसला की स्वतःच येऊन मांडीवर बसते.