बांधावरचा आंबा तोडण्याआधी

आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग, अंजन, खैर ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत येतात. परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. धडगाव-अक्कलकुव्याकडे मोहाचं, यावल-रावेरकडे आंबा-चिंचेचं प्रकरण हमखास निघतं. अर्ज जमीनमालकाचाच लागतो. लाकूडवाला ‘कागदपत्रांचं मी बघतो’ म्हणाला तरी सही करण्याआधी अर्जात किती झाडं लिहिलीत ते वाचा.

सातबारा ताजा काढा. त्यावर भाऊ-बहिणींची नावं असतील तर संमतीपत्र आधीच घ्या, खरी रखडपट्टी तिथेच होते. झाड बांधावर असेल तर शेजाऱ्याशी आधी बोला. हद्दीचा वाद असला तर मोजणी करून घ्या. पाहणीआधी खोडावर चुन्याने नंबर टाका, छातीच्या उंचीवर दोरीने घेर मोजा आणि तेच नंबर, तेच घेर अर्जात लिहा.

तोडीची परवानगी मिळाली म्हणजे ट्रॅक्टर भरायचा, असं नाही. वाहतूक परवान्याची चौकशी त्याच वेळी वनक्षेत्रपालांकडे करा. जळगाव-धुळे शहरात मात्र १९७५ चा वेगळा कायदा आहे, तिथे अर्ज महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे.