लॅक्रॉसमध्ये डिफेन्सला टाकलंय? मग हे वाच

मी अमेरिकेतल्या बाल्टिमोरजवळच्या एका हायस्कूलमध्ये लॅक्रॉस (जाळी लावलेल्या स्टिकने बॉल झेलत-फेकत गोल करायचा खेळ) खेळले, सगळी वर्षं डिफेन्सला. हल्ली सीझन जवळ आला की इथल्या मराठी घरांतून मेसेज येतात, "ताई, डिफेन्सला टाकलंय, काय करू?"

आधी ते बॉल हिसकावण्याचे व्हिडिओ बघणं बंद कर. १९२६ साली रोझाबेल सिंक्लेअर यांनी इथल्याच ब्रिन मॉर शाळेत मुलींचं लॅक्रॉस सुरू केलं, आणि आजही त्यात अंगाने धक्का मारता येत नाही. स्टिक डोक्याला मारलीस की कार्ड. त्यामुळे डिफेन्स पायांनी होतो. अटॅकरच्या कमरेकडे बघ. डोळे आणि स्टिक फसवतात. तिच्या कच्च्या हाताकडे वळवत तिला गोलपासून लांब ने. तिने वैतागून वाईट पास टाकला की तुझं काम झालं, मग आकडेवारीत तुझं नाव नसेना का. महागडी स्टिक यात काडीची मदत करत नाही.

आता शूटिंग स्पेसचा नियम. यात मी पहिला सीझनभर अडकले, म्हणून जरा लांबण लावते. बॉल जिच्याकडे आहे तिच्यापासून गोलभोवतीच्या वर्तुळाच्या दोन्ही कडांपर्यंत दोन रेषा कल्पून बघ. मधला त्रिकोण तिचा. ती गोलवर मारायच्या बेतात असताना तू कोणालाही मार्क न करता त्या त्रिकोणात दिसलीस की फाउल. मार्क करणं म्हणजे स्टिकच्या अंतरात असणं, आणि स्टिक जास्तीत जास्त ४३.२५ इंचांची. "पण मी तर अडवायला धावत होते" हे अंपायर ऐकत नाही. नियम तुझ्याच जिवासाठी आहे: बॉल कडक रबराचा, आणि आपल्याला गॉगल नि माउथगार्ड, हेल्मेट नाही.

म्हणून मदतीला जाताना समोरून सरळ धावू नकोस. त्रिकोणाच्या बाहेरून, बाजूने ये, आणि निघालीस की थेट तिच्याजवळ पोच. अर्ध्यात थबकलीस तर संपलं. बाहेरून एखादे काका "मध्ये उभी राहा!" ओरडतील, त्यांनी मुलग्यांचं लॅक्रॉस बघितलेलं असतं. ऐकू नकोस. आणि नुसतं "आक्रमक खेळ" म्हणणाऱ्या कोचला विचार, कुठून जाऊ? उत्तर आलं नाही तर वरच्या टीममधली एखादी डिफेंडर गाठ. मला हे सगळं तशाच एका सीनियर मुलीने शिकवलं.

याच्या उलट, ८ मीटरच्या आर्कमध्ये (गोलसमोर आखलेल्या कमानीच्या आत) कोणालाच मार्क न करता तीन सेकंदांहून जास्त रेंगाळलीस तरी फाउलच. पहिले काही आठवडे दोन्हीकडून शिट्ट्या खाशील. सगळ्याच खातात, घाबरू नकोस.

त्यांना फ्री पोझिशन, म्हणजे फाउलनंतरचा मोकळा शॉट, मिळालीच, तर मान खाली घालून फिरू नकोस. फाउल तुझा असेल तर अंपायर तुला शूटरच्या ४ मीटर मागे पाठवेल. तिथून शिट्टी वाजताच पळत सुट. फाउल मैत्रिणीचा असेल तर आर्कवरची शूटरशेजारची खूण पटकन पकड आणि शिट्टीबरोबर तिरकी आत शिर, स्टिक उंच धरून. गोलकीपरला तेवढा अर्धा सेकंद पुष्कळ होतो.