कॅमेऱ्याला रंग दिसतो कसा? जोतिबाच्या गुलालावर ट्राय करून बघा

नवा कॅमेरा घेतला की सगळे विचारतात मेगापिक्सेल किती, रंग येतो कुठनं ते कोण विचारत नाही. खरं सांगायचं तर सेन्सरला (कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप) रंग कळतच नाही, प्रत्येक पिक्सेलला फक्त उजेड किती पडला तेवढं समजतं, म्हणून वर बारीक कलर फिल्टर बसवतात, एका पिक्सेलवर एकच रंग. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या मांडणीला १९७६ मध्ये पेटंट मिळालं आणि आज बहुतेक कॅमेऱ्यांत, मोबाईलात तीच किंवा तिचीच भावंडं आहेत. चार पिक्सेलच्या चौकोनात दोन हिरवे, एक लाल, एक निळा. म्हणजे २४ मेगापिक्सेलमध्ये लाल मोजणारे फक्त ६! बाकीचं शेजारच्या पिक्सेलवरनं हिशोब करून भरतात, त्याला डीमोझेकिंग म्हणतात.

आता चैत्र यात्रेला डोंगरावर जावा. गुलाल गुलाबी, त्यातनं हिरवा उजेड कमी येतो, त्यामुळं अर्धे पिक्सेल जवळपास उपाशी आणि लालवाले भरून वाहतात, फोटोत गुलालाचा नुसता सपाट गुलाबी ठिपका दिसतो. म्हणून रॉ मोड (सेन्सरनं मोजलेलं जसंच्या तसं जपणारा) लावा, हिस्टोग्राम (किती उजेडाचे किती पिक्सेल ते दाखवणारा आलेख) साधा नको, लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा चालू करा आणि लालचा डोंगर उजव्या कडेला आपटायला लागला की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) उणे एकपर्यंत खाली घ्या. (लेन्स तिथं बदलू नका बाबांनो, गुलाल आत गेला तर सेन्सर साफ करायचा खर्च तुमचा.)

लग्नात बारीक रेघांच्या साडीवर विचित्र रंगीत लाटा दिसतात ना, त्या मॉयरे, हिशोब गंडल्यामुळं येतात. दोन पावलं पुढं-मागं व्हा, बऱ्याचदा जातात. फुजीच्या एक्स-ट्रान्स सेन्सरमध्ये सहा बाय सहाची वेगळी मांडणी असते, तिथं हा त्रास कमी.

लग्नाच्या शूटिंगवाल्यांचे जुने थ्री-सीसीडी कॅमेरे बघितले असतील, त्यात प्रिझम उजेडाचे तीन भाग करून तीन सेन्सरवर पाठवतो. आणि सिग्माच्या काही कॅमेऱ्यांत फोव्हिऑन नावाचा सेन्सर असतो, २००२ च्या एसडी९ पासून, सिलिकॉनमध्ये निळा वरच्या थरात अडतो, लाल खोलवर जातो, त्यामुळं एकाच जागी तिन्ही रंग मिळतात. डिटेल एक नंबर, पण आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करायची सेटिंग) वाढवला की दाणे दिसतात, तेव्हा अंधार पडल्यावर कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर कॅमेरा हातात धरून शूट करायचं असंल तर साधा बायरवालाच घ्या.